सर्व्हरवरील मेटाडेटाचा बॅकअप : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी, हल्याळ अशा सीमाभागातील गावांतून या वेळी आलेल्या पत्रांत ग्रंथालये आणि संस्थांच्या सर्व्हरविषयीची पत्रे अधिक होती, म्हणून हे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने जुनी मराठी नियतकालिके, स्थानिक संस्थांचे वार्षिक अहवाल आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध स्कॅन करून डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या प्रणालीत ठेवले आहेत. सर्व पीडीएफ सर्व्हरवरील 'असेटस्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये साठतात, असे प्रणाली बसवून देणाऱ्यांनी सांगितले होते, त्यामुळे दर शनिवारी आम्ही ते फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतो. परवा ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिली, तर आत एकाही फाइलला नाव नाही. सगळीकडे नुसते लांबलचक आकडे आहेत. आमचा बॅकअप बिघडला आहे काय? (ग्रंथपाल, बेळगाव)

उत्तर : बॅकअप बिघडलेला नाही, तो अर्धाच घेतला गेला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची ग्रंथालये आणि ह्युलेट-पॅकार्डची प्रयोगशाळा यांनी मिळून २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रणालीत फाइल आणि तिची ओळख या दोन गोष्टी मुद्दाम वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. आपण एखादा अहवाल चढवला की प्रणाली त्या फाइलला ३८ अंकी क्रमांक देते, त्यातील पहिल्या सहा अंकांच्या दोन-दोनच्या जोड्यांवरून एकात एक अशी तीन फोल्डरे करते आणि फाइल सर्वांत आतल्या फोल्डरात ठेवते. मूळ नाव आणि त्यापुढचे 'पीडीएफ' हे शेपूटही तेथे राहत नाही. त्या क्रमांकाची फाइल म्हणजे कोणत्या संस्थेचा कोणत्या वर्षीचा अहवाल, तो कोणत्या संग्रहात आहे, कोणाला उघडता येतो, इतकेच काय पण ती फाइल पीडीएफ आहे हेसुद्धा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये लिहिलेले असते. यालाच आपण मेटाडेटा म्हणतो आणि आपल्या शनिवारच्या डिस्कवर नेमका तोच नाही.

उद्या सर्व्हर बंद पडला, तर एकेक फाइल उघडून आत काय आहे ते पाहता येईल, हे खरे. परंतु जुन्या साप्ताहिकाच्या ज्या अंकाचे मुखपृष्ठच फाटलेले आहे, त्याची तारीख स्कॅनमध्ये कुठेच नसते. कोणीतरी आतल्या जाहिराती आणि बातम्या वाचून ती ठरवलेली असते आणि नोंदीत भरलेली असते. अप्रसिद्ध प्रबंधाचे विषय, टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाचे खरे नाव, एकाच नियतकालिकाचे मधेच बदललेले नाव, ही सगळी माहिती माणसाने बसून घातलेली असते. स्कॅनिंग पुन्हा करून घेता येते, पण ही मेहनत पुन्हा उभी करणे बहुतेक वेळा शक्य नसते, कारण ती करणारी व्यक्ती तोवर निवृत्त झालेली असते. या दोन भागांपैकी आधी कोणता वाचवायचा असे मला कोणी विचारले, तर मी डेटाबेसकडेच बोट दाखवीन. शिवाय तो आकाराने किरकोळ असतो. पीडीएफ शेकडो गिगाबाइट झाले, तरी त्यांच्या काही हजार नोंदींचा दाबलेला डंप, म्हणजे डेटाबेसची एका फाइलीत काढलेली प्रत, बहुधा शंभर मेगाबाइटांच्या आत बसतो, त्यामुळे तो रोज न घेण्यास सबब उरत नाही.

आता प्रत्यक्ष काय घ्यावे ते सांगतो. पोस्टग्रेसबरोबर येणारी 'पीजी-डंप' ही आज्ञा वापरावी. चालू डेटाबेसच्या फाइली फोल्डरातून तशाच उचलून नेऊ नयेत, कारण कॉपी सुरू असताना कोणी नोंद भरत असेल, तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी निरुपयोगी प्रत हाती येते. पीजी-डंप ज्या क्षणी सुरू होते त्या क्षणाचे सुसंगत चित्र टिपते आणि त्यासाठी कामकाज थांबवावे लागत नाही. डेटाबेसच्या वापरकर्त्यांची नावे आणि पासवर्ड मात्र त्या डंपमध्ये येत नाहीत. ते 'पीजी-डंपऑल' या दुसऱ्या आज्ञेने वेगळे घ्यावे लागतात. यांच्या जोडीला असेटस्टोअर, प्रणालीचे कॉन्फिगरेशनचे फोल्डर आणि हँडल सर्व्हर (नोंदींना कायमचे दुवे देणारा) चालवीत असाल तर त्याच्या किल्ल्यांच्या फाइली घ्याव्यात. एक गोष्ट हमखास विसरली जाते. कोणता प्रबंध किती वेळा पाहिला गेला ही आकडेवारी डेटाबेसमध्ये नसून सोलर या शोधयंत्रात असते. शोधाची अनुक्रमणिका डेटाबेसवरून केव्हाही पुन्हा बांधता येते, पण ही आकडेवारी नाही. ती वेगळी निर्यात करून ठेवावी लागते. मूल्यांकन समितीसमोर हेच आकडे ठेवायचे असतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी डेटाबेसचा डंप आणि त्यानंतर असेटस्टोअरची कॉपी, असाच क्रम ठेवावा. समजा, रात्री ११ ला डंप घेतला आणि फाइलींची कॉपी १ वाजेपर्यंत चालली. मधल्या वेळात कोणी नवा प्रबंध चढवला, तर प्रतीमध्ये एक बिननोंदीची फाइल जास्तीची येईल, इतकेच. तिचा त्रास काही नाही. उलट क्रमाने घेतल्यास नोंद आहे पण फाइल नाही अशी अवस्था येते आणि ती तेव्हाच उघड होते, जेव्हा एखादा वाचक दुव्यावर क्लिक करतो. काढून टाकलेल्या फाइली पुसण्याचे साफसफाईचे काम मात्र या दोन टप्प्यांच्या मध्ये चालू देऊ नये.

शेवटी, हे सर्व एखाद्या मोकळ्या संगणकावर खरोखर उभे करून पाहावे. त्या वेळी तीन अडथळे ठरलेले असतात. पोस्टग्रेसमध्ये 'पीजीक्रिप्टो' हा जोडभाग आधी बसवलेला नसतो, म्हणून डेटाबेस भरताना चुका दिसू लागतात. डीस्पेसची आवृत्ती वेगळी असल्यामुळे तक्ते जुळत नाहीत. आणि सर्व काही सुरळीत झाल्यावरही शोधाला एकही निकाल येत नाही. या तिसऱ्या प्रसंगी घाबरू नये. नोंदी जागेवर असतात, अनुक्रमणिका पुन्हा बांधायची राहिलेली असते. डीस्पेस आणि पोस्टग्रेस या दोन्ही प्रणालींच्या आवृत्त्यांचे क्रमांक एका साध्या मजकूर फाइलीत लिहून ती बॅकअपसोबतच ठेवावी. फाइली शाबूत आल्या की नाही हे तपासण्याची सोयही प्रणालीतच आहे. प्रत्येक फाइलचा चेकसम (तिच्यातील मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) डेटाबेसमध्ये नोंदलेला असतो आणि 'चेकर' ही आज्ञा चालवली की फाइलचा चेकसम नव्याने काढून तो नोंदलेल्याशी ताडून पाहिला जातो.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात कोहा ही ग्रंथालयाच्या कामकाजाची प्रणाली एका जुन्या डेस्कटॉपवर चालते. सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी चार ते आठ वाचनालय उघडे असते. एरवी मुख्य बटणच बंद ठेवतो, कारण वळवाच्या दिवसांत आमच्याकडे विजा फार पडतात. कोहा रोज आपोआप बॅकअप घेते असे ऐकून आहोत. तो कोठे असतो आणि तेवढा पुरेसा आहे काय? (कार्यवाह, खानापूर तालुका)

उत्तर : आपल्या पत्रातील वाचनालयाच्या वेळांतच उत्तर दडलेले आहे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि तेथील एका ग्रंथालयात २००० च्या जानेवारीत प्रथम सुरू झालेली कोहा, डेबियन किंवा उबंटू या लिनक्स यंत्रणांवर नेहमीच्या पद्धतीने बसवली असेल, तर रोजच्या ठरावीक कामांत बॅकअपही घेते. ही रोजची कामे त्या यंत्रणेत मुळात सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी लावलेली असतात. आपला संगणक त्या वेळी बंद असतो. 'अ‍ॅनाक्रॉन' हा छोटा प्रोग्रॅम बसवलेला असेल, तर चुकलेले काम संगणक सुरू झाल्यावर उरकले जाते. नसेल, तर ते होतच नाही आणि त्याबद्दल कोणी काही सांगतही नाही. तेव्हा आधी अ‍ॅनाक्रॉन आहे का ते पाहावे, अथवा बॅकअपची वेळ सायंकाळी साडेसातची लावून घ्यावी.

बॅकअपच्या फाइली 'व्हार' या फोल्डरातील 'स्पूल', त्यातील 'कोहा' आणि त्यात आपल्या वाचनालयाच्या नावाने असलेल्या फोल्डरात सापडतील. प्रत्येक दिवसाच्या दोन फाइली असतात. एक डेटाबेसची, जिच्यात पुस्तके, सभासद आणि देवघेव हे सारे येते, दुसरी कॉन्फिगरेशनची. नावातच तारीख असते. ती पाहून थांबू नये, आकारही पाहावा. डंप काही कारणाने अयशस्वी झाला, तरी तो दाबणारा प्रोग्रॅम आपले काम करतोच आणि बरोबर २० बाइटांची रिकामी फाइल तयार करून ठेवतो. तारीख आजची, नाव बरोबर, आत मात्र काही नाही. आणखी खात्री हवी असेल तर फाइल उलगडून तिची अगदी शेवटची ओळ वाचावी. डंप पूर्ण झाला असेल, तर तेथे 'डंप कंप्लीटेड' असे इंग्रजीत लिहिलेले आणि पुढे तारीख-वेळ असते. ती ओळ नसेल, तर वीज किंवा डिस्कवरील जागा मध्येच संपली असे समजावे.

तेवढा पुरेसा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. मूळ मांडणीत दोनच दिवसांच्या प्रती राहतात आणि त्याही त्याच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही गेल्या. त्याहून वाईट प्रसंग म्हणजे एखाद्याने चुकून दोनशे नोंदी पुसल्या आणि ते आठवड्याने लक्षात आले. तोवर दोन्ही प्रतींत त्या नोंदी नसलेलाच डेटाबेस असतो. म्हणून बाहेरच्या दोन डिस्का घ्याव्यात आणि त्या आलटून पालटून दर आठवड्याला वापराव्यात. महिनाअखेरची प्रत वर्षभर मोडू नये. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेलीच ठेवली, तर वीज कोसळली तेव्हा संगणकाबरोबर तीही जाईल, आणि खंडणीखोर व्हायरस शिरला तरी तो जोडलेल्या डिस्कवरच्या फाइली पहिल्याच तासात कुलूपबंद करील. पेन ड्राइव्ह हे नेआण करण्याचे साधन आहे, वर्षानुवर्षे जपण्याचे नाही.

प्रश्न : एक प्रत दुसऱ्या गावी असावी असे सर्वत्र वाचायला मिळते. आमचे शाळेचे आणि संस्थेचे सर्व व्यवहार कोल्हापूरशी असल्याने ती प्रत कोल्हापूरच्या नातलगांकडे ठेवावी असा विचार आहे. योग्य आहे का? (निपाणी)

उत्तर : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक परगावी, हा नियम सर्वमान्य आहे आणि तो चांगला आहे. परगाव निवडताना मात्र अंतराबरोबर नद्यांचाही विचार करावा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला पूर आला त्याच आठवड्यात वेदगंगा आणि दूधगंगाही पात्राबाहेर होत्या, आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद होता. या तिन्ही नद्या अखेर कृष्णेलाच मिळतात, एकाच घाटमाथ्यावरच्या पावसावर फुगतात. म्हणजे निपाणीत संकट आले त्याच दिवशी कोल्हापूरची प्रतही संकटात किंवा निदान हाताबाहेर असण्याची शक्यता मोठी. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथे एखाद्या संस्थेच्या वरच्या मजल्यावर प्रत ठेवणे मला अधिक बरे वाटते. इंटरनेटवरील साठवण हा दुसरा पर्याय आहे. मेटाडेटाचा रोजचा डंप छोटा असल्याने तो आपल्याकडच्या इंटरनेटच्या वेगातही रात्रीतून वर जातो. स्कॅन केलेल्या फाइलींचे मोठे ओझे डिस्कने न्यावे आणि डंप तारेने पाठवावा, अशी वाटणी केल्यास खर्चही आवाक्यात राहतो.

प्रश्न : १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले आहे. आमच्या तालिकेत प्रकाशनस्थळ म्हणून 'बेळगाव', 'बेळगांव', 'बेलगाम' असे सर्व प्रकार आहेत. कोहामध्ये एकाच वेळी हजारो नोंदी बदलण्याची सोय आहे, असे समजते. ती वापरून सगळीकडे एकच नाव करावे काय आणि त्यापूर्वी बॅकअप कसा घ्यावा? (ग्रंथालय सहायक, अथणी)

उत्तर : प्रकाशनस्थळ बदलू नये. ग्रंथनोंदींच्या मार्क या प्रमाण स्वरूपातील २६० किंवा २६४ क्रमांकाच्या क्षेत्रात पुस्तकावर जसे छापले आहे तसेच उतरवायचे असते. १९५० च्या पुस्तकावर 'बेळगांव' असा अनुस्वारासह शब्द असेल, तर नोंदीतही तोच राहिला पाहिजे, कारण आवृत्त्या वेगळ्या ओळखायला अशाच खुणा उपयोगी पडतात. शोधणाऱ्याला सर्व रूपांतून एकाच ठिकाणी आणायचे काम प्राधिकृत नोंदीचे आहे. तेथे एक रूप मुख्य धरावे, बाकीची सर्व 'पाहा' म्हणून जोडावीत आणि विषय म्हणून आलेली स्थलनामे तिच्याशी बांधावीत. मुख्य रूप कोणते धरायचे हे आपल्या संस्थेने ठरवावे. त्या वादात या सदराने पडण्याचे कारण नाही.

विषयक्षेत्रातले बदल करायचे असतील, तर ते करण्याआधी हाताने एक डंप घ्यावा, रात्रीच्या डंपवर विसंबू नये, आणि त्याच्या नावात 'स्थलनाम बदलापूर्वी' असे स्पष्ट लिहावे. त्याच्या जोडीला, ज्या नोंदींना हात लावणार आहात तेवढ्याच मार्क स्वरूपात निर्यात करून ठेवाव्यात. या दुसऱ्या पायरीचे महत्त्व बिघाड झाल्यावर कळते. समजा, सोमवारी बदल केले आणि चूक शुक्रवारी लक्षात आली. सोमवारचा पूर्ण डेटाबेस परत बसवला, तर चूक जाईल, पण चार दिवसांची देवघेव, नवे सभासद आणि भरलेला दंडही जाईल. पुस्तके घेऊन गेलेली माणसे कागदोपत्री रिकाम्या हाताने घरी गेलेली दिसतील. मार्क प्रत हाताशी असली, म्हणजे तेवढ्याच नोंदी, त्यांच्या ९९९ क्षेत्रातील अंतर्गत क्रमांकावर जुळणीचा नियम लावून, जुन्या रूपात पुन्हा आत घेता येतात आणि देवघेवीला धक्का लागत नाही. मार्क प्रत घेतलेली नसेल, तर जुना डंप दुसऱ्या संगणकावर उभा करून तेथून त्या नोंदी निर्यात कराव्यात. चालत्या डेटाबेसवर जुना डंप ओतणे हा शेवटचा उपाय आहे आणि बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

प्रश्न : आम्ही दर महिन्याला सर्व पुस्तकांची यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलीत काढून ठेवतो. ती एक्सेलमध्ये उघडली तर मराठीच्या जागी विचित्र युरोपीय अक्षरे दिसली. तशीच सेव्ह करून काही दिवसांनी पुन्हा पाहिली, तर आता कित्येक ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हे आहेत. हा मजकूर परत मिळेल का? (हल्याळ)

उत्तर : ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत असते. एक्सेलने ती फाइल पाश्चात्त्य लिपीची आहे असा ग्रह करून घेतला, की त्या तीन बाइटांची तीन निरनिराळी अक्षरे दिसू लागतात. फाइल तोवर सुखरूप असते. ती 'इम्पोर्ट'च्या मार्गाने, यूटीएफ-८ निवडून उघडली की मराठी जसेच्या तसे दिसते. प्रश्नचिन्हे उमटली, याचा अर्थ मात्र देवनागरी न सामावणाऱ्या जुन्या स्वरूपात कोणीतरी ती सेव्ह केली आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरीच प्रश्नचिन्ह लिहिले गेले. त्या प्रतीतून मजकूर परत येत नाही. आपल्या मूळ डेटाबेसमध्ये तो शाबूत असणार, तेथून नवी प्रत काढावी.

सीएसव्ही यादी ही बॅकअप समजू नये, याचे आणखी एक कारण आपल्या फाइलीतच सापडेल. दाखल क्रमांक किंवा बारकोड '००४१७' असा असेल, तर एक्सेल त्याची पुढची शून्ये काढून '४१७' करते. एका पुस्तकाचे दोन लेखक किंवा चार विषय असतील, तर ते एकाच रकान्यात कोंबले जातात आणि परत वेगळे करता येत नाहीत. मार्क प्रतीत प्रत्येक प्रतीचा तपशीलही ९५२ क्षेत्रात नीट येतो. तिच्यात सभासद आणि देवघेव नसतात, म्हणून ती डंपची जागा घेत नाही. पण उद्या कोहा सोडून दुसऱ्या प्रणालीत जावे लागले, तर हीच प्रत कामाला येईल.

काही वाचनालयांत याहून जुना प्रकार अजून आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली यादी अ‍ॅक्सेसच्या फाइलीत पडून असते. त्या फाइलीत मराठी अक्षरे नसतातच, त्या विशिष्ट फॉन्टच्या खुणा असतात. अशा वेळी मूळ फाइल आणि फॉन्ट दोन्ही जपावेत, रूपांतर नेहमी प्रतीवर करावे आणि झाल्यावर 'ऱ्या', 'ळ', 'ज्ञ', रफार आणि ऱ्हस्व वेलांटी असलेले निदान पन्नास शब्द डोळ्यांनी तपासावेत. रूपांतर बहुधा याच जागी फसते. विशेषतः वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते आणि शोधताना शब्द सापडत नाही.

प्रश्न : आमच्या संग्रहाची माहिती ओएआय-पीएमएच या, नोंदी इंटरनेटवरून आपोआप उचलण्याच्या पद्धतीने राष्ट्रीय पातळीवरील सूचीत उचलली जाते. मग आमचा मेटाडेटा तेथे आपोआप सुरक्षित झाला असे म्हणता येईल ना? (बेळगाव)

उत्तर : नाही. त्या मार्गाने बहुधा डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या प्रमाण मांडणीची साधी पंधरा घटकांची नोंद जाते. आपण स्वतः तयार केलेली खास क्षेत्रे, परवानग्या, वापरकर्ते, संग्रहांची अंतर्गत रचना आणि मूळ फाइली तिच्याबरोबर जात नाहीत. शिवाय आपल्याकडे नोंद पुसली गेली की पुढच्या फेरीत तिकडूनही ती काढली जाऊ शकते.

प्रश्न : मी पुण्यातील कंपनीत आहे आणि सध्या घरून, बेळगावहून काम करतो. आमच्याकडे सॅस ९.४ या डेटा-विश्लेषणाच्या प्रणालीचा मेटाडेटा सर्व्हर आहे. त्याच्या रिपॉझिटरींची (मेटाडेटाच्या कोठारांची) फोल्डरे रोज रात्री कॉपी करण्याची पद्धत आहे. ती पुरेशी आहे का?

उत्तर : सर्व्हर चालू असताना फोल्डरे कॉपी करीत असाल, तर ती प्रत भरवशाची नाही. हा सर्व्हर रिपॉझिटरी स्मृतीत ठेवून काम करतो आणि बदल जर्नल या नोंदफाइलीमार्गे डिस्कवर उतरवतो, त्यामुळे डिस्कवरच्या फाइली कोणत्याही क्षणी थोड्या मागे असू शकतात. सर्व्हरमधील अंगभूत बॅकअप सुविधा वापरावी. ती रिपॉझिटरी मॅनेजर, फाउंडेशन आणि इतर सर्व नोंदलेल्या रिपॉझिटरी एकत्रित घेते. त्या परस्परांत गुंतलेल्या असल्याने एखादीच सुटी घेऊन उपयोग नसतो. दोन गोष्टींची दखल घ्यावी. मूळ मांडणीत या प्रती सर्व्हरच्याच फोल्डरात पडतात आणि सातच दिवस राहतात, म्हणून त्या अन्यत्र हलवण्याची सोय आपण करायची असते. दुसरे म्हणजे प्रत्यक्ष डेटाचे तक्ते या बॅकअपमध्ये नसतात, त्यांची व्यवस्था वेगळी हवी.

प्रश्न : आमच्या वाचनालयात बॅकअपचे सर्व काम एकच स्वयंसेवक पाहतात. बॅकअपला पासवर्ड लावावा असे ते म्हणतात. कार्यकारिणीतील काहींना ती उगाच अडचण वाटते. आपले मत काय? (निपाणी)

उत्तर : पासवर्ड लावावा. डेटाबेसच्या डंपमध्ये सभासदांची नावे, पत्ते, दूरध्वनी आणि त्यांनी काय वाचले याची नोंद असते. ती डिस्क कोणाच्या दुचाकीच्या डिकीतून परगावी जाणार असेल, तर तिला कुलूप हवेच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही अशी माहिती बाळगणाऱ्याकडून वाजवी काळजीची अपेक्षा करतो.

कार्यकारिणीची शंका मात्र अगदीच निराधार नाही. पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर तो माणूस गावाबाहेर गेला की बॅकअप असून नसल्यासारखा. त्यासाठी पासवर्ड आणि प्रत परत बसवण्याच्या पायऱ्या साध्या मराठीत कागदावर लिहून बंद लिफाफ्यात कार्यवाहांच्या कपाटात ठेवाव्यात. वर्षातून दोनदा, त्या स्वयंसेवकांनी नव्हे तर दुसऱ्याच कोणीतरी, केवळ तो कागद वाचून एका रिकाम्या संगणकावर प्रत उभी करून दाखवावी. पायऱ्यांत काय राहिले आहे ते पहिल्या अर्ध्या तासातच समजेल. उभ्या केलेल्या प्रतीत एकूण पुस्तकांची आणि सभासदांची संख्या मूळ प्रणालीतल्या संख्येशी जुळते का, शेवटचा दाखल क्रमांक तोच आहे का आणि एखादे मराठी शीर्षक शोधल्यावर सापडते का, एवढे पाहून तारखेसह वहीत नोंद करावी.

पासवर्ड बदलला, तर लिफाफ्यात नवा लिहावा, पण जुना खोडून टाकू नये. महिनाअखेरच्या ज्या प्रती वर्षभर जपायच्या आहेत त्या जुन्याच पासवर्डने उघडतात, म्हणून कोणत्या तारखेपर्यंतच्या प्रतीला कोणता पासवर्ड हे दोन्ही ओळींसमोर लिहून ठेवावे.